टेकडी घेणारे सुभेदार

कांबळे सुभेदार फोनवर बोलत नसत. वाशीतल्या आमच्या नव्या इमारतीत तेव्हा फोन एकट्या माझ्याकडे होता. पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला की ते येत, रिसीव्हर कानाला धरून तिचं सगळं ऐकून घेत आणि तो बायकोच्या हाती देत. "तू बोल. मी ऐकलं."

मूळचे रत्नागिरीकडचे. सैन्यातून निवृत्त होऊन तुर्भ्याच्या एका कारखान्यात फाटकावर लागले होते. कुठलाही वाद निघाला की "बगू या" म्हणून उठायचे.

एका रविवारी गच्चीवरच्या गप्पांतून मात्र उठले नाहीत. परदेशातल्या कुठल्याशा रेंगाळलेल्या युद्धावर नवा सेनापती नेमल्याची बातमी होती. माणूस निर्दय म्हणून प्रसिद्ध. तळमजल्यावरचे साठे म्हणाले, "असाच पायजे. आता निकाल लागणार बघा."

"लागतो," सुभेदार म्हणाले. "आमचा बी लागला."

साठे जेवायला गेले आणि सुभेदार माझ्याशी बोलू लागले.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांची पलटण एका टेकडीखाली अडकली होती. आधीचे साहेब जखमींना खाली आणण्यासाठी हल्ला थांबवत. त्यांना हलवून नवे साहेब आले. त्यांचा पहिलाच हुकूम: टेकडी हातात येईपर्यंत एकही जखमी खाली आणायचा नाही.

"एका जखमीला चार माणसं लागतात, सर. मग वर चढणार कोण? साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं." वायरलेसवर सुभेदारच होते. हुकूम सगळ्या तुकड्यांना त्यांच्या आवाजात गेला.

सकाळीच चढणीवर धर्मा पडला. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच बरोबर भरती झालेला. त्याची हाक खालपर्यंत येत होती.

"आधी माझं नाव घेऊन पानी मागत होता. मग नुसतं पानी."

दुपार कलल्यावर हाक थांबली. संध्याकाळी टेकडी मिळाली. पुढची टेकडी तर शत्रूनं न लढताच सोडली.

"त्या साहेबांमुळं किती वाचले असतील! मी बी त्यातलाच."

"म्हणजे ते बरोबर होते?" मी विचारलं.

"जिंकलो ना. सुट्टीत धर्माच्या आयशीकडं गेलो. टेकडी कशी घेतली, साहेबांनी शाबासकी कशी दिली, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, त्याला तान लागली होती काय रे?"

"काय सांगितलंत?"

"नाय म्हटलं."

पुढच्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी सुभेदार हार्ट अटॅकने गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावाकडची माणसं आली. त्यांच्यात एक वाकलेली म्हातारी होती. ती सरळ आत गेली आणि सुभेदारांच्या उशाशी बसून त्यांच्या केसांवरून हात फिरवू लागली. मी त्यांच्या बायकोला विचारलं, "आई का?"

"आईच म्हणा. धर्माची. दरवर्षी जायचे तिच्याकडं."

थोड्या वेळाने म्हातारीने मान वर करून खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. तिची नजर माझ्यापर्यंत यायच्या आत मी चपला घालून बाहेर पडलो.