इस्त्रीची वायर

पंपांच्या आणि पंख्यांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ताई आणि मी सोळा वर्षं समोरासमोर बसलो. मोटार आली की आतली करपलेली तांब्याची तार उपसायची, खाचा खरवडायच्या आणि नवी तार वेढे मोजत भरायची. वेढे मोजताना बोलता येत नाही. एक शब्द बोललं की आकडा चुकतो आणि सगळं उसवावं लागतं. त्यामुळे तिची गोष्ट मला दोन मोटारींच्या मधल्या वेळात तुकड्यातुकड्यांनी कळली. इथे ती सलग सांगते.

ताईचे वडील पंपांच्या कारखान्यात फिटर होते. घर म्हणजे एका गोदामाच्या मागच्या दोन खोल्या, वर पत्रा. पगार जेमतेम, पण बाबा कुणापुढे हात पसरणारे नव्हते. हात पसरणं दूरच, दुकानातसुद्धा ते शक्यतो जायचे नाहीत. "दुकानाची पायरी चढताना माणूस जड असतो, उतरताना हलका," असं म्हणायचे. चपलांचे तळ कारखान्यातल्या फाटक्या पट्ट्यातून कापलेले. साबण घरी शिजवलेला, इतका कडक की आई म्हणायची, "यानं मळ जात नाही, घाबरून पळतो." बाबांची जुनी पॅन्ट आधी ताईचं दप्तर व्हायची, मग पायपुसणं, मग स्टोव्ह पुसायचं फडकं. पत्र्यावर डब्यांमध्ये भाजी लावलेली. केस बाबाच कापायचे, एकाच कात्रीनं आणि एकाच पद्धतीनं. त्यामुळे ताई आणि तिचा धाकटा भाऊ पाठीमागून सारखेच दिसायचे. शेजारच्या बायका हसायच्या, "यांच्या घरात मुलं तेवढी बाहेरून आली असतील, बाकी सगळं घरचं."

ताई म्हणते, तिला गरिबी कधी जाणवली नाही. जाणवला तो माज. आपलं आपण करतो याचा माज. वर्गातल्या मुलीची छत्री मोडली की ताई मनात म्हणायची, हिच्या घरी कुणाला काडी बसवता येत नाही, बिचारी.

सहाव्या वर्षापासून बाबांनी तिला हाताशी घेतलं होतं. पक्कड कशी धरायची, वायरचं कातडं आतली तार न तुटता कसं सोलायचं, पीळ कसा द्यायचा. धाकट्याला कंटाळा यायचा, ती मात्र त्यांना चिकटून बसायची. दहाव्या वर्षी तिनं एकटीनं पंखा दुरुस्त केला, तेव्हा बाबा कुणाला काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी स्क्रूचा डबा तिच्या उशाशी नेऊन ठेवला.

आई एका लॉजच्या चादरी आणि उशांचे अभ्रे इस्त्री करायची. इस्त्री बाबांनी भंगारातून आणून उभी केलेली. वजनदार, पण तापायची झकास. एकदा मामा, म्हणजे आईचा भाऊ, नवीकोरी इस्त्री घेऊन आला. बाबांनी खोक्याची दोरीसुद्धा सोडली नाही.

"आपली चालू आहे," ते म्हणाले.

"दाजी, बहिणीला दिलीय मी. तुम्हाला नाही."

"या घरात वेगळं वेगळं काही नसतं."

खोकं आल्या पावली परत गेलं. आई पुढचे दोन दिवस चादरींच्या घड्या जरा आपटूनच घालत होती.

ताई तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. इस्त्रीच्या मुठीजवळ वायर चिरली आणि ठिणग्या उडायला लागल्या. बाबांची त्या आठवड्यात सलग दुहेरी पाळी होती. लॉजचा माणूस संध्याकाळी चादरी न्यायला येणार होता.

"बघ गं जरा," आई म्हणाली. "तू आहेस म्हणून माझं काही अडत नाही."

ताईनं चिरलेला भाग कापून टाकला, तारा सोलल्या, दोन्ही जोडांना घट्ट पीळ दिला. मग जोडांवर गुंडाळायच्या टेपसाठी डब्यात हात घातला, तर गुंडाळीचं नुसतं पुठ्ठ्याचं कडं उरलेलं. कोपऱ्यावर दुकान होतं. पाच मिनिटांचं काम. पण दुरुस्तीसाठी काही विकत आणायचं असतं, हे तिला माहीतच नव्हतं. त्या घरात "नाही" असं म्हणायची पद्धत नव्हती, "त्याच्याऐवजी काय" एवढंच विचारायचं. तिनं जुन्या निळ्या शर्टाची चिंधी फाडली, तीन पदर करकचून गुंडाळले आणि वरून दोऱ्यानं बांधलं. इस्त्री चालू झाली. आईनं तिच्या गालाला हात लावला. रात्री बाबांना सांगायचं, ते कारखान्यातून टेप आणतील, असं तिनं ठरवलं होतं. बाबा आले तेव्हा ती झोपलेली होती. दुसऱ्या दिवशी विसरली. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी दुपारी ती आणि धाकटा शाळेतून आले, तेव्हा दारात माणसं उभी होती. आई आतल्या खोलीत पडलेली होती. शेजारणीनं मेन स्विच बंद केला होता, पण उशीर झाला होता. आईनं फरशी नुकतीच पुसली होती, पाय अनवाणी, आणि चादरींवर शिंपडायचं पाणी त्या चिंधीत मुरलं होतं.

बाबा कारखान्याच्या कपड्यांतच धावत आले. आईपाशी बसले. मग म्हणाले, "दोन मिनिटं सगळे बाहेर व्हा." लोकांना वाटलं, माणसाला रडायचं असेल. दार उघडलं तेव्हा हवालदार आला होता. त्यानं वायर उचलून बघितली. जोड उघडा होता, चिंधी नव्हती.

"ही जोडणी कुणी केली?"

"मी," बाबा म्हणाले.

"फिटर ना तुम्ही? टेप का नाही लावलीत?"

"राहून गेली."

ताई उंबऱ्यात उभी होती. बाबांच्या मुठीतून निळ्या शर्टाचं करपलेलं टोक तिला दिसत होतं. तिनं बोलायला तोंड उघडलंही होतं. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मुलांना बाहेर न्या," एवढंच म्हणाले. हवालदारानं अपघात अशी नोंद केली आणि तो गेला.

मामा संध्याकाळी आला. भर गल्लीत, सगळ्यांसमोर ओरडला, "नवी इस्त्री दारात आणून ठेवली होती मी! ती परत केलीत! काटकसर करा, दाजी, खूप काटकसर करा! आता एक ताटही कमी झालं!"

बाबांनी ऐकून घेतलं. ताई त्यांच्या शेजारी उभी होती. तिनंही ऐकून घेतलं. मला हे सांगताना ती खाचा खरवडत होती आणि खरवडतच राहिली. "मी फक्त 'नाही मामा' एवढं म्हणायला हवं होतं. दोन शब्द. तेवढेही निघाले नाहीत."

मामानं धाकट्याला आपल्या घरी नेलं. तो आठ वर्षांचा होता. तिथे तो रोज हेच ऐकत मोठा झाला की बापाच्या चिक्कूपणानं आईचा जीव घेतला.

त्यानंतर बाबांनी कशालाच हात लावला नाही. नळ गळायला लागला तर खाली बादली ठेवली. बादली गळायला लागली तर खाली परात. पत्र्यावरची भाजी वाळून गेली. खिडकीचं दार निखळलं, तिथे पुठ्ठा आला. जो माणूस मोडक्या वस्तूंकडे बघून हसायचा, तो आता मोडक्या वस्तूंमध्ये नुसता बसून असायचा. ताई आणि बाबा एकमेकांशी बोलायचे ते मीठ संपलंय, पाणी गेलंय, एवढंच.

सतराव्या वर्षी ताई आमच्या वर्कशॉपला लागली. पहिल्याच वर्षी एका दुपारी मालकीणबाई नव्या मुलींना शिकवत होत्या. हिरवी वायर हातात धरून म्हणाल्या, "ही जमिनीची. मोटारीत कुठेही करंट गळला, तर तो हिच्यातून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ही नसली, तर तो माणसातून जातो. हिला कापणाऱ्याचे हात मी कापीन."

ताईच्या हातातली तार थांबली. तिनं बाकी सगळं आठवून बघितलं, पण त्या इस्त्रीला हिरवी वायर जोडलेली तिला आठवेना. घरी जाऊन तिनं ट्रंकेच्या तळातून इस्त्री काढली. बाबांनी ती टाकली नव्हती. त्या घरात काही टाकत नसत. तिनं झाकणाचे स्क्रू काढले. आत हिरवी वायर कापून, टोक दुमडून, वर टेप लावून नीट बसवलेली होती. इतकं नेटकं काम एकाच माणसाचं असू शकत होतं.

बाबा दाराच्या पायरीवर उन्हात बसले होते. तिनं उघडी इस्त्री त्यांच्यासमोर ठेवली.

"ही तुम्ही कापलीत?"

"भिंतीतल्या प्लगला दोनच भोकं होती. तिसरी कुठे लावणार? नवा बोर्ड आणायला हवा होता."

"आणि चिंधी मी बांधली होती."

"माहीत आहे."

"मग हवालदाराला खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठे सांगितलं? कुणी केलं असं त्यानं विचारलं. ही हिरवी जागेवर असती, तर तुझी चिंधी भिजून नुसता फ्यूज उडाला असता. तुझी आई मला शिव्या घालत उठली असती."

"मग मला का नाही सांगितलंत हे? चार वर्षं मी..."

बाबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "मला वाटलं, चिंधीमुळे झालं हे तुला कळलंच नसेल. लहान होतीस. सांगायला गेलो असतो, तर कळलं असतं."

"कळलं होतं. तुमच्या मुठीत बघितली होती मी."

बाबांचे हात गुडघ्यांवर होते. ते त्यांनी एकात एक घालून घट्ट दाबले. "म्हणजे आपण दोघांनी उगाच..." असं म्हणाले आणि उठून आत गेले. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला, पण चहा काही झाला नाही. ती आत गेली तेव्हा भांड्यातलं पाणी आटून गेलं होतं आणि बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"हलकं वाटलं असेल ना तुला?" मी विचारलं होतं.

"नाही गं. राग आला. बाहेरच्या कुणाला एक शब्द सांगितला असता, तर त्यानं आम्हाला समजावलं असतं. पण आमच्याकडे दुःखसुद्धा घरच्या घरीच करायचं होतं."

तिनं मामाला सगळं सांगायचं ठरवलं. बाबांनी अडवलं. "धाकटा तिथे शिकतोय. माझ्यावर राग आहे, तो राहू दे. तुझं नाव निघालं, तर त्याला बापही नाही आणि बहीणही नाही." ते जिवंत असेपर्यंत ती बोलणार नाही, असं वचन त्यांनी तिच्याकडून घेतलं. तिनं अकरा वर्षं ते पाळलं. तोवर बाबांची छाती भरत आली होती. डॉक्टरकडे चला म्हटलं, की काढा उकळून प्यायचे. ताईनं शेवटी त्यांना बळंच रिक्षात घालून नेलं. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आता आणून काय उपयोग?" पंधरा दिवसांत बाबा गेले. मामा आला नाही. धाकटा आला, दारातच थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

महिन्याभरानं ताई मामाच्या घरी गेली. मामा आता थकला होता, कानांना कमी ऐकू यायचं. तिनं चिंधीपासून हिरव्या वायरपर्यंत सगळं सांगितलं, मोठ्यानं, प्रत्येक वाक्य दोनदा. मामानं ऐकलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापाला वाचवायला बघतेस होय गं? गेलेल्या माणसासाठी स्वतःवर आळ घेतेस. गुणाची पोर आहेस."

"मामा, खरं सांगतेय मी. मी बांधली होती."

"असू दे, असू दे. जेवून जा."

त्याला ते पटलं नाही ते नाहीच. धाकटा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो आता टेम्पो चालवायचा. तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. थांब्यावर बाकड्यावर बसल्यावर तो म्हणाला, "मामाला नाही पटलं. मला पटलं."

"मग?"

"मग काय! पंधरा वर्षं बाबांवर राग धरला. ते गेले तरी मी घरात पाऊल टाकलं नाही. आता तू सांगतेस. त्यांच्यावरचा राग मी कुठे नेऊन ठेवू?"

"माझ्यावर धर."

तो हसल्यासारखा झाला. "तेवढी ताकद नाही राहिली, ताई. तू आधी सांगायला हवं होतंस. निदान ते असताना."

"वचन दिलं होतं."

"वचन!" तो म्हणाला आणि रस्त्यावर थुंकला. बस आली. तिची पिशवी त्यानं वर चढवून दिली. बस सुटायच्या आधीच तो वळून चालायला लागला होता.

ताईनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. गोदामवाल्यानं त्या खोल्या पाडल्या, तेव्हा ती वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायला आली. तिच्या हातची मोटार परत दुरुस्तीला आलेली मी बघितलेली नाही. मालकीणबाई गिऱ्हाइकांना कौतुकानं हे सांगायच्या, तेव्हा ताई उठून बाहेर जायची.

मामाकडच्या त्या भेटीनंतरच्या सहा वर्षांत धाकटा तिच्याकडे तीनदा आला. तिसऱ्या वेळी बायकोला घेऊन आला. त्या दिवशी मी तिच्या खोलीवरच होते. "ही माझी बहीण," त्यानं बायकोला सांगितलं. नव्या नवरीनं वाकून विचारलं, "ताई, ह्यांच्या आईचा एखादा फोटो आहे का हो? ह्यांच्याकडे एकही नाही."

"नाही," ताई म्हणाली. "फोटो काढायला स्टुडिओत जावं लागायचं."

धाकटा खिडकीतून खाली लावलेल्या टेम्पोकडे बघत होता. मग ताईनं खुर्चीवरचे कपडे उचलले आणि त्याच्या बायकोला बसायला सांगितलं.