दुसऱ्याच्या हातावरचा भाईदास

भाईदासचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. पाळी सातची, पण आमच्या नवागाम वस्तीतल्या नळाला पाणी पाचलाच यायचं आणि त्याच्या बायकोची, रंजनाची, कंबर धरलेली असायची. हंडे तोच भरायचा. मग पायी खात्यात. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला आम्ही खातं म्हणतो. रात्रपाळीचा कारागीर माग जसे सोडून जायचा तसे भाईदास कधी घेत नसे. आधी पुसायचा, तेल द्यायचा, मग पट्टा चढवायचा. त्याचे पैसे कुणी देत नसे. मी बरीच वर्षं त्याच्या शेजारच्या मागांवर होतो. धागा तुटलेला असताना त्याने माग पुढे रेटलेला मी पाहिला नाही. त्यामुळे लांबलांबचे मुकादम त्याला नावाने ओळखायचे. तोंड पाहिलेलं नसलं तरी.

सत्त्याण्णवचा फाल्गुन होता. पहाटेचा गारवा उरला होता, पण दुपारी पत्रे तापायला लागले होते. होळी जवळ आलेली. आमचा मालक मगनशेठ खात्यात आला आणि सगळ्यांदेखत भाईदाससमोर उभा राहिला.

"दिवसा माझे माग, रात्री पलसाणा? तने शरम नथी आवती?"

"शेठ, मी पलसाण्याला पाय ठेवलेला नाही."

"मग माझ्या मेव्हण्याचं कापड कोणी बगाडलं?"

पलसाणा सुरतेबाहेर, हायवेवर. तिथल्या ज्या मिलमध्ये मेव्हण्याचं कापड रंगायला गेलं होतं, तिथे रात्रपाळीला 'नवागामचा भाईदास' कामाला होता. मशीन चालू टाकून तो बाहेर जाऊन झोपला. सगळं कापड डागाळलं आणि उजाडायच्या आत तो पळाला.

"नाव तुझं, वस्ती तुझी, हातावर गोंदलेलंपण तुझंच. तिथल्या हिलाल मुकादमाने डोळ्याने बघितलंय," शेठ म्हणाला. "हिलाल बोलेल की तो तू नाहीस, तर माग तुझे. तोवर घरी बेस."

हे गोंदण्याचं सांगायला हवं. आमच्या खानदेशात आई लेकराला यात्रेत नेते आणि मनगटाच्या वर नाव गोंदवून आणते. लिहिता-वाचता न येणाऱ्याची तीच ओळख. त्या काळी मुकादम कागद मागत नसत, बाही वर करायला सांगत. दुसऱ्याचं नाव कोण आपल्या कातड्यात टोचून घेईल?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पलसाण्याला गेलो. हिलाल आमच्याच भागातला. त्याने भाईदासचा हात धरून पाहिला. लहानपणीचं गोंदण, फिकं, हिरवट, हाताबरोबर ताणलेलं.

"नाव तर हेच आहे," हिलाल म्हणाला.

"तोंड बघ ना," मी म्हणालो. "तोंड हेच होतं का?"

हिलालने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "मला दिसतंय, हा तो नाही. पण मालकाला काय सांगू, मी कोणालाही उचलून आणलं? त्यालाच घेऊन या. त्याने तोंडाने कबूल केलं तर माझी ना नाही. पुढचा दात अर्धा आहे त्याचा."

अर्धा दात म्हटल्यावर भाईदासला माणूस कळला. लोटू. त्याच्याच गावचा. सुरतेत आला तेव्हा महिनाभर भाईदासच्या खोलीत जेवला-झोपला होता. कोणत्याही खात्यात आठवडाभर टिकत नसे. मागावर उभ्याउभ्या पेंगायचा.

लोटू लपलाही नव्हता. होळीच्या संध्याकाळी आमच्याच गल्लीत पुष्पाबाईच्या ओट्यावर बसून खापरावरची पुरणपोळी दुधात कुस्करून खात होता.

"लोटू, बाही वर कर," भाईदास म्हणाला.

"काय दादा, सणाला झडती?" हसत त्याने बाही वर केली. काळंभोर, ताजं गोंदण. सारंगखेड्याच्या यात्रेत हिवाळ्यात करून घेतलेलं.

"माझंच नाव का?"

"मग काय मन्हं सांगू? लोटू म्हनं का मुकादम हाकली देतस. भाईदास म्हनं का च्या पाजतस." बोटं चाटत तो म्हणाला, "दोन महिना वापरं. तुन्हं काय झिजनं?"

ओट्यावरचे सगळे हसले. पुष्पाबाई म्हणाली, "मोठा मान दिला रे त्याने तुला. बायकासुद्धा नवऱ्याचं नाव इतकं मिरवत नाहीत." पुन्हा हसू. कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, आपलाच माणूस आहे, सणासुदीला कटकट नको.

मला किळस आली ती या हसण्याची. लोटू आळशी होता, आळशी माणूस चोरणारच. पण ओट्यावर बसलेले सगळे बारा-बारा तास मागावर उभे राहणारे होते. नाव कसं कमवावं लागतं ते त्यांना ठाऊक होतं. तरी हसले. पुरणपोळी चांगली झाली होती म्हणून हसले.

"परवा पलसाण्याला चल," भाईदास म्हणाला. "तो मी होतो एवढं सांग."

लोटूने विचार केला. तो तेव्हा एका बांधकामावर जात होता. "चलू की. पण माझा रोज बुडेल. तो कोण देणार?"

मी म्हणालो, "लाथ घाल याला."

"लाथ घातली तर तिथे जाऊन मुका बसेल," भाईदास म्हणाला. "देतो. चल."

धुळवड झाली आणि आम्ही तिघे बसने गेलो. लोटू खिडकीशी बसला. मिलच्या मालकासमोर त्याने बाही वर केली आणि म्हणाला, "मी लोटू. भाईदास हा." मागून आणलेलं पातेलं परत करावं तसं बोलला. हिलालने कपाळाला हात लावला. "अरेरे, केवढी फसवणूक! माझी तर झोप उडाली शेठ." मालकाने लोटूला दोन शिव्या दिल्या आणि हाकलून दिलं. मगनशेठला फोन झाला.

मगनशेठने माग परत दिले. चुकलो म्हणाला नाही. "चाल, काम चालू कर," एवढंच. बदली कारागिराने मागांवर रुईचे थर साचू दिले होते. भाईदासची सकाळ ते काढण्यातच गेली.

होळीआधी उभं राहून कमावलेली मजुरी त्याच्या खिशात होती. तिच्यातून लोटूचा बुडालेला रोज गेला, तिघांची बसची तिकिटं गेली आणि परतताना हायवेवर भज्यांच्या दोन प्लेटी. दोन्ही लोटूने खाल्ल्या. दुसरी त्याने आपणहून मागवली. म्हणाला, खरं बोललं की भूक लागते.