पिठाचा हात

माझे मप्पासे काका मकास्सर शहराजवळच्या मारोसच्या डोंगरातल्या एका गुहेचे राखणदार आहेत. बावीस वर्षं झाली. काम काय, तर भिंतीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि भिंतीवर काय आहे, तर हात. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे पंजा ठेवला, वरून तोंडाने लाल रंग फुंकला. रंग भोवती बसला, पंजा कोरा राहिला.

येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कशासाठी? काकांना माहीत नाही. पण तसं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून शाळेच्या पोरांना ते सांगतात हजेरी, नवीन जोडप्यांना सांगतात लग्नाची आठवण, प्रोफेसरांना सांगतात शिकारीचा नवस. प्रोफेसर तर लिहूनही घेतात.

मागे एका महिन्यात काका गुहेच्या लोखंडी जिन्यावरून तीनदा पडले. तिसऱ्यांदा बेच्चे काकी म्हणाली, "त्या जागेचा विधीच झालेला नाही."

आमच्या बुगिस लोकांत नवीन घर बांधलं की तांदळाच्या पिठात हात बुडवून खांबांवर पंजे उमटवतात. घरातल्यांना काही होऊ नये म्हणून.

"अगं, ती गुहा आहे," काका म्हणाले.

"दिवसाचे नऊ तास कुठे असता?"

काका कामावर निघाले. आणि मग विसरून गेले. काकी विसरली नाही. सोमवारी डब्याबरोबर पीठ कालवूनच घेऊन गेली. काका हात धुवायला ओढ्यावर गेले, वर येऊन बघतात तर 'भिंतीला हात लावू नये' या पाटीच्या बरोब्बर शेजारी एक पांढराशुभ्र ओला पंजा.

"हे काय केलंस!"

"मासा गार होतोय. जेवा."

मंगळवारी तपासणी. पलीकडच्या गुहेच्या राखणदाराची नोकरी एवढ्याशाच डागापायी गेली होती. आणि पुसायचं तर भिंतीला हात लावावा लागणार, जो काकांनी बावीस वर्षांत लावला नव्हता. त्यांनी मला फोन केला. "तू कॉलेजात आहेस ना, हात न लावता पुसता येतं का गं?" मला एकदम रडूच आलं. लेक्चर सोडून सकाळची पहिली गाडी पकडली. जाऊन केलं काय? काहीच नाही. काकांच्या शेजारी उभी राहिले.

पुरातत्त्व ऑफिसच्या इबू, म्हणजे बाई, रोस्मिनी आल्या, चष्मा पुसून पंजा बघितला, फॉर्म काढला.

"हा कुणाचा?"

काकांकडे चाळीस उत्तरं तयार असतात. त्यांनी तोंड उघडलं, मी डोळे मिटले.

"बायकोचा."

"कशासाठी?"

"मी पडू नये म्हणून."

"आणि ते लाल? मागच्या वेळी तुम्ही मला नाच म्हणाला होतात."

"त्यांच्या बायकांना विचारायचं राहून गेलं, इबू."

इबू हसल्या नाहीत. फॉर्ममध्ये 'हेतू' असा रकाना असतो. लाल पंजांपुढे त्यांनी लिहिलं, 'अज्ञात'. पांढऱ्यापुढे लिहिलं, 'नवरा पडू नये'. म्हणाल्या, बावीस वर्षांत या गुहेचा हा पहिला पूर्ण भरलेला रकाना. काकांना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. काकीला कुंपणाच्या आत बंदी झाली. पंजा साफ करायला मकास्सरहून माणूस आला, मऊ ब्रश घेऊन अर्धा दिवस बसला.

जिनाही दुरुस्त झाला. काका त्यानंतर पडलेले नाहीत. ऑफिस म्हणतं जिन्यामुळे.

काकी आता बाहेरच्या फाटकाच्या खांबावर पंजा उमटवते. लोखंडाला पीठ धरत नाही, म्हणून दर शुक्रवारी नवा. 'फाटकाला हात लावू नये' अशी पाटी तिथे नाही. काकांना ती लावायची आठवण अजून झालेली नाही.