खांद्याला लागलेला चेंडू

बस डेपोच्या टायर विभागात तिला सगळे भोंगामावशी म्हणत. आवाजच तसा होता! जॅकवर बस चढवताना ती "मागे व्हा रे!" म्हणाली की कॅन्टीनमधली माणसंसुद्धा दचकून मागे सरकायची. जीभ तर त्याहून जबर. फुटबॉलवरून वाद पेटला की ती कुणाची भीडभाड ठेवायची नाही, पोटच्या पोराचीही नाही. आणि तिथंच घात झाला.

तिचा धाकटा शहराच्या क्लबकडून खेळायचा. गेल्या हंगामात शेवटच्या मिनिटाला त्यानं पेनल्टी बाहेर मारली. दुसऱ्या दिवशी डेपोतला स्टोअरकीपर बिचारा तिचं मन राखायला म्हणाला, "नशीब, दुसरं काय!"

"नशीब कसलं डोंबलाचं! पाय लटपटत होते त्याचे. मी कोच असते ना, तर त्याला चेंडूच्या आसपास फिरकू दिलं नसतं!"

वळून बघते तर काय, दारात धाकटा उभा! तिचा घरी विसरलेला डबा द्यायला आला होता. डबा ठेवला आणि चालता झाला. तोवर दर मॅचचं तिकीट तो तिच्या उशाशी ठेवायचा, ते बंद झालं. घरात बोलणं हो-नाहीपुरतं उरलं. मावशीचा जीव तुटायचा. पण खोटं बोललेच नाही, तर माफी कसली मागू? रोज संध्याकाळी मागच्या भिंतीवर चेंडूची धप-धप चालायची. भांडी घासता घासता ती खिडकीतून बघायची. हळूहळू चेंडू एकाच विटेवर बसायला लागला.

यंदाची शेवटची मॅच. जिंकलो नाही तर क्लब लीगच्या खालच्या श्रेणीत घसरणार. मावशी स्वतः तिकीट काढून स्टोअरकीपरशेजारी बसली होती. बरोबरी चालू, मिनिटं सरत आलेली, आणि समोरच्या संघाच्या बचावपटूला त्यांच्याच गोलपुढे चेंडू लागला. रेफ्रीनं पेनल्टी दिली!

"हात! हातच लागला!" स्टोअरकीपर नाचायला लागला.

"खांदा होता! रेफ्री आंधळा आहे का?"

"अहो मावशी, तुम्ही आहात तरी कुणाच्या?"

वाद रंगात असतानाच कोचनं कॅप्टनला बाहेर काढून धाकट्याला आत पाठवलं. चेंडूही त्याच्याच हातात. अख्खी गॅलरी खवळली. "पुन्हा हाच? डोकं फिरलंय कोचचं!"

"तुम्हीच म्हणाला होतात ना," स्टोअरकीपर तिच्याकडे वळला, "की याला चेंडूच्या..."

"तेव्हाचं तेव्हा!" मावशी खुर्चीवर चढली. "मार रे पोरा! भिंतीवर मारतोस तस्सा मार!"

भोंगा थेट मैदानात पोचला. धाकट्यानं मान वर केली. मग धावला आणि मारला. गोलकीपर हललासुद्धा नाही. जिंकलो! मावशीनं स्टोअरकीपरला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं.

बाहेर फाटकाशी गर्दीतून वाट काढत धाकटा तिच्यासमोर आला. घामानं निथळत होता.

"आई, पेनल्टी होती का गं?"

"नव्हती. खांद्याला लागला होता."

स्टोअरकीपरनं कपाळावर हात मारला. धाकटा मात्र हसला, वर्षभरात पहिल्यांदा.

"आणि तू कोच असतीस तर?"

"तुझ्याच हातात दिला असता चेंडू. डोळे झाकून."

आई तोंडदेखलं बोलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं तिला भर गर्दीत घट्ट मिठी मारली.

"पुढच्या हंगामात तिकीट काढू नकोस," तो म्हणाला. "उशाशी बघ."