डब्यातलं हलतं पाणी

आमच्या गावात रोसेंदाचं नाव निघालं की कोणीतरी हटकून म्हणतंच, "तीच ना, बापाला वाटेवर टाकून मासे घेऊन गेलेली?" म्हणू देत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण म्हणणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी त्या घळीत नव्हता. मी होतो. मी फिदेन्सिओ, खेचरांना नाल ठोकणारा, तिच्या बापाचा लहानपणापासूनचा सोबती. तेव्हा मी सांगतो ते ऐका, आणि मधे बोलू नका.

रोसेंदा लुहान ही ओढ्याच्या सरकारी कामावर होती. कामाचं नाव कागदोपत्री भलं लांबलचक होतं. आम्ही नुसतं 'रोसेंदाचा ओढा' म्हणायचो. ओढ्याचं खरं नाव ला एस्पिना. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, पण त्यात सोनेरी पोटाचा ट्राउट मासा राहतो, आमच्या डोंगरांतलाच, बाहेर कुठे नाही. होता म्हणा. आमच्या आजोबांच्या वेळी सगळ्या ओढ्यांत होता. मग बाहेरचे मासे आले. तपकिरी ट्राउटनं त्याची पिल्लं खाल्ली, आणि रेनबो ट्राउटनं त्याच्याशी संसार थाटून जातच बिघडवली. आमच्या खोऱ्यात अस्सल मासा उरला तो फक्त ला एस्पिनाच्या धबधब्याच्या वर, कारण खालचा मासा तिथे चढू शकत नाही.

तो मासा खालीही पुन्हा नांदता करायचा, हे रोसेंदाचं काम. तिनं काठाला कुंपण घातलं म्हणून गाईवाले चिडले. विलोच्या झाडाच्या फांद्या रोवल्या, त्या हरणांनी खाल्ल्या, पुन्हा रोवल्या. खाली दगडी बांध घातला, बाहेरचा मासा वर येऊ नये म्हणून. आणि एका सप्टेंबरात बाहेरचे मासे मारायला धबधब्यापासून बांधापर्यंतच्या पाण्यात विष घातलं. दुसरा इलाजच नव्हता. अख्खं गाव पुलावर उभं राहून पांढरी पोटं वाहत जाताना बघत होतं. "रोग बरा पण तुझा इलाज नको," मीच म्हणालो होतो तिला. ती पाण्यात उतरून मेलेले मासे गोळा करत राहिली, अंगाला वास मारेपर्यंत. त्यानंतर किराणावाल्यानं तिच्याशी बोलणं टाकलं, कोणीतरी तिच्या गाडीची चाकं फाडली. मग वरचे सोनेरी मासे आणून खाली सोडले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बोटाएवढी पिल्लं दिसली. तेव्हा ही बाई कपड्यांसकट पाण्यात बसून लहान पोरीसारखी रडली. हे मात्र गावात कोणी सांगत नाही.

आता गंमत बघा. त्या डोंगरांत रेनबो आणला कोणी? तिच्याच बापानं. तिबुर्सिओ तरुणपणी सरकारचं सामान खेचरांवर वाहायचा. त्या काळी साहेब लोकांना वाटायचं, जितके मासे तितकं बरं. दुधाच्या डब्यांत रेनबोची पिल्लं भरायची, खेचरांवर लादायची आणि डोंगरातल्या ओढ्यांत ओतायची. पगाराचं काम, त्यानं केलं. या कामात एकच नियम: थांबायचं नाही. खेचर चालतं, डबा हिंदकळतो, पाण्यात हवा मिसळते, मासा जगतो. खेचर थांबलं की डब्यातलं पाणी स्थिरावतं आणि मासे गुदमरून मरतात. म्हणून जेवायचं चालता चालता, मुतायचं चालता चालता. पोरीलाही त्यानं हेच शिकवलं. आणि ती या कामाला लागली तेव्हा शपथेवर सांगितलं, "धबधब्याच्या वर माझा एक डबासुद्धा गेलेला नाही." त्या एका वाक्यावर तिनं आयुष्याची उणीपुरी वीस वर्षं लावली.

मग त्या जूनमध्ये आग लागली. वरचं पाइनचं जंगल जळून कोळसा झालं. आगीनं मासे मरत नाहीत, मरतात ते राखेनं. जळक्या डोंगरावर एक जोराची सर पडली की सगळी राख ओढ्यात उतरते, पाणी काळं घट्ट होतं आणि त्यात काहीच जगत नाही. सर यायच्या आत मासे बाहेर काढायला हवे होते. हेलिकॉप्टर होतं, पण तिच्या ऑफिसनं ते दूरच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या ओढ्याला दिलं. आम्ही सगळे ऑफिसच्या नावानं बोटं मोडत होतो. रोसेंदा एवढंच म्हणाली, "खेचरं आहेत ना आपली."

तिबुर्सिओ तेव्हा सत्तरीला टेकलेला. मी म्हटलं, म्हाताऱ्या, तू घरी बस. तो म्हणाला, "तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस गाढवा, आणि तू चाललायस." आला. तिच्या माणसांनी पाण्यात विजेचा हलका झटका देत मासे वर काढले, डब्यांत भरले, बर्फ टाकला. बाकीच्यांना तिनं वरचे डोह बघायला मागे ठेवलं. खेचरांची माळ घेऊन आम्ही तिघं निघालो. पुढे तिबुर्सिओ पहिल्या खेचराचा, पिंटाचा दोर धरून, मागे रोसेंदा, शेवटी मी. खिंडीपलीकडे रस्त्यावर ट्रक उभा होता.

वाटेत, घळीत एक वळण आहे, जिथे जुनं जुनिपरचं झाड कडेला झुकलंय. तिथे तिबुर्सिओ बसला. बसला म्हणजे गुडघेच गेले त्याचे. चेहरा राखेच्या रंगाचा, घाम, डावा हात पोटाशी धरलेला. पिंटा थांबली. मागची सगळी माळ थांबली.

"पित्त आहे," तो म्हणाला. "सकाळी मिरचीची चटणी जास्त खाल्ली."

रोसेंदा त्याच्यासमोर बसली. घळीत वायरलेस लागत नाही, तो लागतो खिंडीवर. हे तिलाही माहीत, मलाही. एकटी पळाली असती तर खेचरांपेक्षा निम्म्या वेळात पोचली असती. गावाचं म्हणणं तेच आहे, आणि ते खोटं नाही.

मी तेच म्हटलं, "पोरी, तू पळ. खेचरं राहू दे."

तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं पिंटाचा दोर तिच्या हातात कोंबला आणि तिची मूठ आवळली.

"खेचरं उभी ठेवून मासे मारायला शिकवलं का तुला मी? चल, नीघ."

"बाबा."

"फिदेन्सिओ आहे की. आता एक शब्द बोललीस तर बघ."

ती उठली. चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, राग असावा असं वाटलं. तिनं दोर ओढला आणि माळ हलली. माझं एक खेचर तिनं मागे ठेवलं, बापाला बसवून खाली नेता यावं म्हणून. त्याच्यावरचे दोन डबे मी उतरवून वाटेच्या कडेला ठेवले. तिबुर्सिओला खेचरावर चढवायला गेलो तर तो नुसता ओझं झाला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"डबे," तो म्हणाला.

"मरू देत डबे."

"हलव म्हणतोय ना."

एका हातानं त्याला धरलं आणि दुसऱ्या हातानं डब्याची कडी धरून हलवू लागलो. आधी एक, मग दुसरा. पाणी आत डुबुकडुबुक वाजत होतं. तो कान देऊन ऐकत होता. जरा मंदावलं की डोळे उघडायचा. मला इतका संताप आला होता त्याचा! मरायला टेकलाय आणि मुकादमी सुटत नाही.

मग त्यानं सांगितलं. एका वर्षी रेनबोचे डबे तो धबधब्यावरून पुढच्या ओढ्याकडे नेत होता. वाटेत खेचराचा पाय मुरगळला, माळ थांबली, आणि डब्यांत पिल्लं तोंडं वर काढून मरायला लागली. "बघवेना रे," तो म्हणाला. त्यानं एक डबा शेजारच्या पाण्यात ओतला. तिथे, धबधब्याच्या वर, ला एस्पिनात.

"जगलेच असतील असं नाही," तो म्हणाला. "एकच डबा होता."

"मग तिला हे आत्ता का नाही सांगितलंस? ती मासे टाकून मोकळी पळाली असती!"

"काय सांगू? की वीस वर्षं..." त्यानं मान डब्यांकडे वळवली. म्हणाला, "हलव."

मी हलवत राहिलो. तो केव्हा गेला आणि माझा हात केव्हा थांबला, मला सांगता येणार नाही.

खिंडीवरून तिनं वायरलेस केला होता, पण धुरात हेलिकॉप्टर उतरेना. मासे ट्रकवाल्यांच्या हवाली करून ती पळत परत आली. वाटेवर तिचे पाय दोनदा घसरले असावेत, गुडघे फुटले होते. तिनं बापाचे डोळे मिटले. ते दोन्ही डबे मी उघडले. सगळे मासे पोटं वर करून होते. डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेत आणला असता तरी फरक पडला नसता. डॉक्टर असं म्हणतातच.

त्याच आठवड्यात सर पडली आणि ला एस्पिना डांबरासारखा वाहिला. ओढ्यात मागे राहिलेला एकही मासा वाचला नाही.

दफनानंतर लोक पोसोलेचा रस्सा खाऊन पांगले, तेव्हा ती खेचरांना पाणी दाखवायला गेली. मी मागोमाग गेलो. असली गोष्ट पोटात ठेवून मला झोप आली नसती. सगळं सांगितलं. तिचा हात पिंटाच्या मानेवर फिरत राहिला.

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली.

आदल्या वसंतात तपासणी झाली होती. तिच्या सोनेरी माशांत रेनबोचं रक्त निघालं, थोडंच, पण वर-खाली सगळीकडे. ऑफिसला तिनंच कळवलं. म्हणून तर हेलिकॉप्टर त्या दुसऱ्या, अस्सल माशांच्या ओढ्याला गेलं. जमलं तर काढा, नाहीतर राहू द्या, एवढंच तिला सांगितलं होतं. ते रक्त कोणाच्या डब्यातून आलं, हेही तिनं तेव्हाच ओळखलं होतं. धबधब्याच्या वर दुसरा जाणार कोण?

माझं डोकंच फिरलं. "मग त्या दिवशी दोर टाकून पळाली का नाहीस? भेसळीच्या माशांसाठी बाप..."

"दोर टाकला असता तर बाबांना कळलं असतं," ती म्हणाली. "की मला माहीत आहे. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते."

म्हाताऱ्यानं तिला कळू नये म्हणून तिला पाठवलं, आणि त्याला कळू नये म्हणून ती गेली. आणि मी मूर्ख, मधे बसून डबे हलवत होतो.

ते वाचवलेले मासे ऑफिसनं पुन्हा डोंगरात जाऊ दिले नाहीत. शहराबाहेरच्या तळ्यात सोडले, शनिवारी बापलेक गळ टाकून बसतात तिथे.

ओढा धुऊन निघायला तीन उन्हाळे गेले. यंदा त्या दुसऱ्या ओढ्याचे अस्सल मासे मिळाले, आणि रोसेंदानं पुन्हा माळ बांधली. हेलिकॉप्टर मिळत होतं, तिनं नको म्हटलं. पुढे ती, मागे मी. त्या वळणावर, झुकलेल्या जुनिपरपाशी, पिंटा थांबली. खेचर विसरत नाही. मी ओरडणार होतो, दोर ओढ म्हणून.

रोसेंदानं दोर ओढला नाही. पिंटाच्या डाव्या-उजव्या डब्यांवर दोन्ही हात ठेवले आणि ते हलवू लागली. मग मीही मागच्या खेचराचे डबे हलवायला घेतले, मग त्याच्या मागच्याचे. घळीत नुसतं पाण्याचं डुबुकडुबुक. तिचे हात थांबले नाहीत.

"त्या दिवशीही इथेच थांबून एवढं जमलं असतं ना, काका?" तिनं विचारलं.

त्या दिवशी डबे फार होते आणि हलवणारी माणसं दोन, हे मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. तिनं बाहीनं तोंड पुसलं, दोर धरला, आणि आम्ही ओढ्याकडे निघालो.