लोणी लवकर उतरवणारे लोक

सासूबाई गेल्यापासून सासरे पेजेशिवाय काही खात नव्हते. म्हणून भावाने दुबईहून आणलेलं चॉकलेट, मैदा, साखर आणि घरचं लोणी घेऊन मी वर्तकनगरच्या बेकरीत बिस्किटं करून घ्यायला गेले. भट्टीवरच्या माणसाचं नाव मी कधीच विचारलं नाही. त्याने लोणी कढईत टाकलं आणि ते तपकिरी होईपर्यंत शांतपणे हलवत राहिला.

“अहो, करपलं!” मी ओरडले.

“करपलं नाही, ताई. तुम्ही लोक घाबरून लवकर उतरवता.”

संध्याकाळी सासऱ्यांनी एक बिस्किट खाल्लं आणि दुसरं उचललं. सकाळी मी ते भट्टीवरच्या माणसाला सांगायला गेले, तर मला रडूच फुटलं.

त्याने मानही वर केली नाही. “खाल्लं ना? मग अजून लोणी आणा.”