दोन थेंबांमधली दहा मिनिटं

"वर बघ. माझ्या तोंडाकडे नको, पंख्याकडे बघ." एवढं म्हणून मावशी समोरच्याची खालची पापणी बोटाने हलकेच ओढायच्या. तिथे एक इवलीशी वाटी तयार व्हायची आणि त्या वाटीत नेमका एक थेंब पडायचा. समोर निवृत्त फौजदार असो की सोसायटीचा सेक्रेटरी, मावशींचं सगळ्यांशी अरे-तुरेच. मान मागे टाकून, तोंडाचा आ करून बसलेल्या माणसाला अहो-जाहो करणं तसं अवघडच असतं. तुम्हीही कधीतरी असा माणूस पाहिला असेल, किंवा तुम्ही स्वतःच तसे बसला असाल.

आमच्या नाहूरच्या जुन्या इमारतीत मावशी तळमजल्यावर राहायच्या. एका मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. वॉर्डातल्या आयांना मावशी म्हणतात, म्हणून निवृत्त झाल्यावरही त्या मावशीच राहिल्या. नवरा गिरणीत होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन बोरीवलीला. इमारतीत कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे मावशींची फेरी सुरू व्हायची. त्यांना कोणी बोलवावं लागत नसे.

फेरीला निघताना त्या घरीच कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या, झटकायच्या आणि मग कशालाही न शिवता दोन्ही हात वर धरून जिने चढायच्या. बेल कोपराने वाजवायच्या. दाराच्या भिंगातून बघितलं तर आधी एक सुरकुतलेलं कोपर दिसायचं आणि घरातलं माणूस आत ओरडून सांगायचं, "मावशी आल्या, खुर्ची पंख्याखाली घ्या." चहा विचारला तर म्हणायच्या, "आता हे हात कपाला लावू? मग परत धू, परत ये. जा, घे तूच." औषधाची बाटली फोडली की तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहायचा त्यांचा नेम होता. महिना झाला की अर्धी भरलेली बाटलीही त्या केरात टाकायच्या, आणि लोक हळहळत बघत राहायचे.

मी घरूनच अक्षरजुळणीचं काम करतो. शाळेची गाइडं, देवस्थानांची पत्रकं, लग्नपत्रिका, जे येईल ते. दिवसाचे दहा-बारा तास संगणकासमोर जायचे. पन्नाशी उलटल्यावर डोळे चुरचुरायला लागले, वाळू गेल्यासारखे खुपायला लागले, आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "कोरडेपणा बराच आहे. शिवाय दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे. ओलाव्यासाठी हे थेंब घाला आणि सहा महिन्यांनी दाखवायला या."

मोतीबिंदू हा शब्द ऐकल्यावर मी पुढचं काही ऐकलंच नाही. घरी येऊन मोबाइल हातात घेतला आणि तासाभरात मला हवं ते सापडलं. डोळ्यांना ओलावा देणारे, अँटीऑक्सिडंट असलेले थेंब, कोरड्या डोळ्यांसाठी आणि सुरुवातीच्या मोतीबिंदूसाठी. खोक्यावर निळाशार, चमकता डोळा. मी लगेच मागवले. आले खरे, पण घालणार कसे? बाटली जवळ आली की माझा डोळा आपोआप गच्च मिटायचा. पहिले तीन दिवस माझ्या मिशीलाच ओलावा मिळाला. बायको ऑफिसातून सातला यायची, दमलेली असायची. शेवटी डॉक्टरबाईंनी दिलेली आणि मी मागवलेली, अशा दोन्ही बाटल्या घेऊन मी तळमजल्यावर गेलो.

मावशींनी भिंग लावून मी मागवलेल्या थेंबांचं खोकं वाचलं. "ओलाव्याला बरे आहेत. घाल. मोतीबिंदू मात्र हलायचा नाय."

"मावशी, यात अँटीऑक्सिडंट आहेत."

"असू देत की. थेंबांनी मोतीबिंदू गेला असता, तर तीस वर्षं त्या वॉर्डात मी काय करत होते? पहिल्याच वर्षी घरी बसवलं असतं मला."

मला राग आला. दहावी नापास बाई मला औषधातलं शिकवते, असं मनात आलं, हे आज कबूल करायला हवं. पण थेंब घालून घेण्याची गरज मला होती, म्हणून राग गिळला. "निदान दोन-दोन घाला, लवकर विरघळेल," असंही वर सुचवून पाहिलं.

"अरे मेल्या, डोळो आसा तो, नळ न्हय. एकच थेंब मावतो. दुसरा गालाला."

डॉक्टरबाईंचे थेंब आणि माझे थेंब, अशा दोन बाटल्या होत्या. मावशींचा नियम असा की दोन औषधांत दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. थेंब पडला की डोळा मिटायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर त्या बोट दाबून धरायच्या, आणि मग आपण डोळे मिटून बसून राहायचं. या दहा मिनिटांत इमारतीतल्या लोकांनी मावशींना काय काय सांगितलं असेल, देव जाणे. डोळे मिटलेले असले आणि शेजारी कोणीतरी हात वर धरून बसलेलं असलं की माणसाचं तोंड सुटतं. मावशी फक्त "हं" म्हणायच्या. त्यांच्या तोंडून एकही गोष्ट कधी बाहेर पडली नाही.

पंधरा दिवसांत माझ्या डोळ्यांना खरंच आराम पडला. चुरचुर थांबली, अक्षरं स्वच्छ दिसायला लागली. तो आराम ओलाव्याचा होता. मी मात्र ठरवून टाकलं की मोतीबिंदू विरघळतोय. सहा महिने झाले, मी डॉक्टरबाईंकडे गेलो नाही. वर्ष झालं, तरी गेलो नाही. मावशी मधूनमधून विचारायच्या, "दाखवून आलास?" मी म्हणायचो, "जातो पुढच्या आठवड्यात." त्या थेंब घालायच्या. कामात माझ्या चुका वाढत होत्या. एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव गळालं आणि मुलाकडचे लोक थेट घरी आले. मी संगणकाला दोष दिला.

त्या दिवशी पहिला थेंब घालून झाल्यावर मावशींनी उठून माझ्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला.

"डावा उघड. समोर काय दिसतंय?"

"कॅलेंडर."

"ते मला पण माहिती आहे, मीच लावलंय. आज तारीख काय?"

मला तारीख दिसेना. ज्या आकड्यांवर दुधाचे लिटर लिहिलेले असायचे, त्या आकड्यांच्या जागी मळके चौकोन होते. उजव्या डोळ्याच्या जिवावर माझं सगळं चाललं होतं आणि डावा कधी गेला, ते मला कळलंच नव्हतं. मावशींनी हात काढला, पण खुर्चीत परत बसल्या नाहीत. "काय भानगड आहे?" त्यांनी विचारलं. "तू काय अडाणी नाहीस. डॉक्टरकडे का जात नाहीस?"

मी डोळे मिटून घेतले आणि जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि नोकरी नव्हती. आई कामाला जायची, म्हणून दुपारचे थेंब माझ्याकडे होते. समोरच्या मंडळात कॅरमच्या स्पर्धा चालल्या होत्या. दुपारचा थेंब कधी संध्याकाळी पडला, कधी पडलाच नाही. घातले तेही तसेच, बोटांना पावडर लागलेली असताना, हात न धुता. आठवड्याभरात डोळा लाल झाला, पू झाला, आणि तो डोळा गेला. पुढची अठरा वर्षं वडील सगळी मान वळवून माझ्याकडे बघत. त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलले नाहीत.

मावशी आता खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील की तुझी चूक नव्हती. सगळे तसंच म्हणाले असते.

"त्यामुळे गेला की नाय, ते मला सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "जातो कधी कधी तसा. मी बघितलंय. पण तुझा नाय जायचा. तुझे थेंब मी घालीन, एक पण चुकायचा नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते."

दुसऱ्या दिवशी त्या खरोखर आल्या, इस्त्रीचं पातळ नेसून, आणि डॉक्टरबाईंसमोर माझ्या आधी खुर्चीत बसल्या. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आता लांबवू नका म्हणाल्या. माझ्या खोक्याकडे पाहून त्यांनी मावशींचंच वाक्य जरा शुद्ध मराठीत सांगितलं. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ऑपरेशन चांगलं झालं. थेंब सहा आठवडे होते, सुरुवातीला दर दोन तासांनी, मग हळूहळू कमी करत. आणि नेमकी तेव्हाच आमच्या इमारतीची पाळी आली. पुनर्विकास ठरला होता आणि महिनाअखेर घरं रिकामी करायची होती. आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याचं घर घेतलं. मावशींना त्यांची मुलगी कायमची बोरीवलीला नेणार होती. ती टेम्पो घेऊन आली, सामान चढलं, कपाट, पाट, देव, सगळं. मावशी मात्र एक पिशवी घेऊन आमच्या भाड्याच्या घराच्या दारात उभ्या राहिल्या. बेल कोपरानेच वाजवली होती.

"ह्याचे पंधरा दिवस राहिलेत," त्यांनी मागोमाग आलेल्या मुलीला सांगितलं. मुलगी वैतागली. माझी बायको म्हणाली, "मावशी, मी घालीन ना. रजा घेते." मावशी म्हणाल्या, "तुझे हात चांगले आहेत गो. पण शब्द मी दिलाय."

पंधरा दिवस त्या आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपल्या. सकाळी आठला, दुपारी, संध्याकाळी, हात वर धरून स्वयंपाकघरातून येणारी ती मूर्ती मी रोज बघत होतो. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं. माझ्या आईने केलं असतं, पण तिलाही तेव्हा कामावर जावं लागलं असतं.

शेवटच्या दिवशी शेवटचा थेंब घालून झाला. डाव्या डोळ्याने मला समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड मोजता येत होते. मावशींनी बाटली केरात टाकली, माझ्या ओलाव्याच्या थेंबांची नवी बाटली फोडली, तिच्यावर तारीख लिहिली आणि स्वतः पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या.

"माझे पण डोळे खुपतात रे हल्ली," त्या म्हणाल्या. "घाल बघू."

मी म्हटलं, "मावशी, मी नको. मला जमत नाही. ही आली की घालेल."

"हात धू आधी. कोपरापर्यंत."

मी हात धुतले. एवढा वेळ लावून धुतले की त्यांनी हॉलमधून हाक मारली. वडिलांनंतर मी कोणाच्याही डोळ्यात औषध घातलं नव्हतं. पापणी ओढून मी बाटली धरली. पहिला थेंब चुकला, गालावरून ओघळला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. मी श्वास धरला आणि दुसरा थेंब आत पडला. मग दुसरा डोळा. कोपऱ्यांवर बोटं दाबून मी उभा राहिलो आणि मला रडू आलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. पुढच्या वर्षी थंडीत मावशी गेल्या. मला उशिरा कळलं. मी त्यांच्या मुलीला फोन केला आणि विचारलं, "त्यांना थेंब कोण घालायचं?"

"मीच घालायचे," ती म्हणाली. "पण माझ्या हातून कधी धड नाही पडायचा. मग आई ऐकवायची. म्हणायची, नाहूरचा तो छापखानेवाला बघ, आयुष्यात एकदाच घातला त्याने, पण पहिलाच थेंब बरोब्बर आत. असा हात नाही बघितला म्हणायची."

पहिला थेंब गालावर पडला होता, हे मी तिला सांगितलं नाही.